‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय?

नगरला (२०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर) पाहुणा आला की आपण त्याला भुईकोट किल्ला दाखवतो. त्याचा प्रश्न ठरलेला असतो, “यातलं ओरिजिनल किती?” मग आपण जरा ओशाळूनच सांगतो, की तट निजामशाहीचा आहे, पण आतलं बरंचसं इंग्रजांनी नंतर बांधलंय. जणू काही नंतरचं म्हणजे नकली! मी सिव्हिलची विद्यार्थिनी, त्यात शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे भाषा सांभाळून घ्या. पण मला हे अजिबात पटत नाही.

आपण जरा हिशेब मांडू. अहमद निजामशहाने पंधराव्या शतकाच्या शेवटी किल्ला बांधला तेव्हा तट मातीचा होता. आज दिसतो तो दगडी तट हुसेन निजामशहाने १५५९ पासून बांधायला घेतला. म्हणजे आपण अभिमानाने ‘ओरिजिनल’ म्हणून दाखवतो तो तटच मुळी नंतरची भर आहे! १५९६ मध्ये मोगलांनी सुरुंगाने पाडलेलं खिंडार चांदबिबीने रातोरात बुजवून घेतलं, तीही भरच. १८०३ मध्ये वेलस्लीने किल्ला घेतला आणि इंग्रजांच्या काळात आत साध्या, बैठ्या बराकी उभ्या राहिल्या. १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद यांच्यासह बारा नेत्यांना तिथेच डांबलं आणि १९४४ मध्ये नेहरूंनी तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. उद्या ‘शुद्ध निजामशाही किल्ला’ करायच्या नादात कुणी इंग्रजी बांधकाम पाडलं, तर लोक मुद्दाम जी खोली बघायला येतात तीच जाईल!

हे फक्त माझं मत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेतही म्हटलंय की वास्तूत प्रत्येक काळाने घातलेल्या योग्य भरीचा मान राखावा, आणि नवीन काम नवीन म्हणून ओळखू यावं.

मग काय, कुणी काहीही जोडलं तरी चालेल? मुळीच नाही! भर जुनी की नवी हा प्रश्नच नाही. ती मूळ भिंतीला जगू देते का, हा खरा प्रश्न आहे. आपल्याकडचा काळा दगड घट्ट असतो, त्यामुळे भिंतीतली ओल मुख्यतः चुन्याच्या सांध्यांमधून बाहेर पडते. ते सांधे सिमेंटने लिंपले की ओल आतच अडकते, क्षार साठतात आणि आतला चुना भुसभुशीत होतो. बाहेरून भिंत मात्र चकाचक! दुसरी गोष्ट खचण्याची. जुना पाया खचायचा तेवढा कधीच खचून झालेला असतो, नवा अजून खचायचा असतो. दोन्ही भिंती घट्ट जखडल्या तर जोडावर तडा जाणारच. मध्ये मोकळा सांधा ठेवला असता तर दोन्ही सुखाने नांदल्या असत्या.

आता आपल्या हॉस्टेलच्या जुन्या दगडी विंगकडे बघा. मागे चिकटवलेल्या बाथरूम ब्लॉकच्या जोडावर तिरका तडा आहे आणि पावसाळ्यात कोपऱ्यातल्या खोल्यांमध्ये गाद्यासुद्धा दमट होतात. काही जण म्हणतात, ब्लॉक पाडा. काही म्हणतात, सगळं सिमेंटने लिंपून टाका. मला दोन्ही चूक वाटतं. ब्लॉक राहू द्या, बाथरूम सगळ्यांनाच लागतात! पण जोड मोकळा करून नीट बंद करा, गळके पाइप बदला आणि दगडी भिंतीचे सांधे चुन्यानेच भरा.

सुट्टीत दुरुस्ती काढण्याआधी सरांनी आम्हा सिव्हिलच्या मुला-मुलींना या विंगचा सर्व्हे करू द्यावा, ही विनंती. तड्यावर काचपट्टी लावून तो वाढतोय का हे तपासायला खर्च जवळजवळ शून्य आहे. सिनियर्स, ज्युनियर्स, कुणाला यायचंय त्यांनी नाव द्या. आणि पुढच्या वेळी पाहुण्याने ‘ओरिजिनल किती?’ विचारलं, तर बिनधास्त सांगा, “सगळंच!”