प्रबंध राहतो, बुरशी जाते

धोबी तलावाजवळच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लॅटर हर्बेरियम १९०६ पासून वनस्पतींचे नमुने जपत आलं आहे आणि मुंबईला त्याचा रास्त अभिमान आहे. खास बुरशीसाठी वाहिलेला संग्रह मात्र पुण्यात, आघारकर संशोधन संस्थेत आहे. १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी म्हणून उभ्या राहिलेल्या या संस्थेतला हा कवकसंग्रह बुरशीतज्ज्ञ अजरेकरांच्या नावाने ओळखला जातो. तिथेच जिवंत बुरशी वाढवून जपणारा राष्ट्रीय संग्रहही आहे. माझी मागणी साधी आहे. बुरशीवर काम करणाऱ्याने आपला नमुना अशा संग्रहात जमा करून क्रमांक घ्यावा आणि तो क्रमांक पाहिल्याशिवाय मुंबई विद्यापीठाने प्रबंध स्वीकारू नये.

ही अट कुणाला जाचक वाटेल. पण जगात बुरशीच्या २२ ते ३८ लाख जाती असाव्यात असा तज्ज्ञांचा अंदाज आहे आणि आजवर नाव मिळालं आहे ते जेमतेम दीड लाखांना. इतक्या अंधारात काम करताना ओळख चुकणारच. ती दुरुस्त करायची तर मूळ नमुना पुन्हा भिंगाखाली घेता आला पाहिजे. सोयाबीनवर पडलेला तांबेरा नवा आहे की इथे पूर्वीपासूनच होता, याची खात्रीही जुनं रोगट पान तारखेसह जपलेलं असेल तरच होते.

आता डीएनए वाचता येतो, मग वाळकी पानं कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक कुजवून दुष्काळ आणणारा जीव (शास्त्रीयदृष्ट्या तो बुरशीचा फक्त दूरचा भाऊबंद) नेमका कोणत्या वाणाचा होता, हे २०१३ मध्ये उलगडलं, ते एकोणिसाव्या शतकात दाबून ठेवलेल्या पानांतल्या डीएनएमुळेच. ज्या वाणावर तोवर संशय होता, तो निर्दोष निघाला. ती पानं जपणाऱ्यांना डीएनए ठाऊकही नव्हता. शिवाय संगणकावर चढवलेल्या माहितीला चुकीचं नाव चिकटलं असेल, तर ताडून बघायला नमुन्याखेरीज दुसरं काही उरत नाही.

खर्चाचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मुंबईच्या पावसाळी दमटपणात, विभागातल्या कपाटात ठेवलेल्या पाकिटाला नवी बुरशी आणि कीड लागायला फार वेळ लागत नाही. जपणूक म्हणजे कोरडी खोली, नियमित तपासणी आणि नोंदी ठेवणारा जाणकार माणूस. हा भार एकट्या पुण्याच्या संस्थेवर टाकणं अन्यायाचं होईल. म्हणून प्रत्येक संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकातच नमुना जमा करण्याचं शुल्क धरावं आणि ते संग्रह सांभाळणाऱ्याच्या पगाराकडे वळवावं. रसायनं आणि उपकरणांसाठी आपण पैसे धरतोच.