पलटणीचा डावा कोपरा

येत्या बुधवारी चतुर्थी आणि शुक्रवारी, २९ ऑगस्ट २०२५ ला, विशाखापट्टणमध्ये प्रो कबड्डीचा बारावा हंगाम सुरू होतोय. या आठवड्यात आमच्या दोडामार्गात कबड्डीवर निवांत बोलायला माणूस मिळणं कठीण. चाकरमान्यांच्या गाड्या बांद्याहून इकडे वळू लागल्यात, माटोळीचं सामान जमवायचंय, कुठल्या दिवशी कुणाकडे भजन हे ठरायचंय. तरी शुक्रवारी रात्री आरत्या आटोपल्या की भेडशीपासून मणेरीपर्यंत कितीतरी घरांत टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर सामना लागलेला असेल, याची मला खात्री आहे.

पहिल्याच दिवशीचा दुसरा सामना पुणेरी पलटणचा आहे, बंगळुरू बुल्सशी. वेळापत्रक पाहिलं आणि छातीत धस्स झालं. बुल्सचे प्रशिक्षक यंदा बी. सी. रमेश. पलटणीला पहिलंवहिलं विजेतेपद मिळवून दिलं ते त्यांनीच. शिवाय गेल्या हंगामापर्यंत पलटणीसाठी चढाया करणारा आकाश शिंदेही आता बुल्सच्याच बाजूला. म्हणजे पोरांचा प्रत्येक पाय कुठे पडतो हे ज्याला तोंडपाठ आहे, त्याच माणसासमोर पहिली परीक्षा.

इथे पलटणीची बाजू घेणारे आम्ही थोडेच. घरटी एक माणूस मुंबईत, म्हणून तालुक्याचा ओढा यू मुम्बाकडे. शेजारचा एक पोरगा मला दर हंगामाला विचारतो, "काका, मुंबय सोडून तुमी पुण्याची बाजू कित्याक घेतात?" त्याला नीट उत्तर द्यायचं राहूनच गेलंय, ते इथे देतो.

लीग २०१४ ला सुरू झाली तेव्हा पलटण तळाला होती, दुसऱ्या वर्षीही तळालाच. नावाजलेले गडी आणून झाले, प्रशिक्षक बदलून झाले. खरा बदल दिसला तो आठव्या हंगामात, २०२१-२२ मध्ये. अनुपकुमार प्रशिक्षक होता आणि अस्लम इनामदार व मोहित गोयत ही दोन अगदी नवी पोरं एकदम मैदानात उतरली. एक आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला, दुसरा हरियाणाचा. पुढच्याच वर्षी संघ अंतिम फेरीत पोचला. दुखापतींमुळे हे दोघेही त्या सामन्यात नव्हते आणि जयपूरने पलटणीला ३३-२९ असं हरवलं. त्यानंतर दहावा हंगाम! साखळीत २२ पैकी १७ सामने जिंकले, तीन बरोबरीत, हरले फक्त दोन. १ मार्च २०२४ ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून करंडक घेतला. पंकज मोहितेने त्या रात्री एकाच चढाईत चार गडी टिपले, तो क्षण मी अजून अधूनमधून लावून बघतो. हंगामातला सर्वोत्तम खेळाडू ठरला अस्लम.

हा संघ नुसत्या मोठ्या बोलीवर उभा राहिलेला नाही. पलटणीने युवा पलटण म्हणून तरुण पोरांचा वेगळा संघ बांधला, कोवळ्या वयात मुलं हेरली, त्यांना वेळ दिला. कबड्डीत हे फार अवघड असतं, कारण इथे एकट्याच्या गुणाला अर्धीच किंमत. कोपऱ्यातला गडी घोट्याला हात घालतो त्याच क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने अंगावर जायचं असतं. डोळ्यांनी पाहून गेला तर उशीर झालाच समजा, चढाईपटू मध्यरेषेवर हात टेकतो आणि दोघेही बाद होऊन बाहेर बसतात. शेजारी आता झेप घेणार हे त्याच्या खांद्याच्या हालचालीवरून कळावं लागतं, आणि ते वर्षानुवर्षं एकत्र खेळल्याशिवाय कळत नाही. गौरव खत्री उजव्या कोपऱ्यात आणि अबिनेश नटराजन त्याच्या शेजारी, ही जोडी बघा. बोलतसुद्धा नाहीत एकमेकांशी.

दुखतं ते डाव्या बाजूला. विजेतेपदाच्या वर्षी तिथे इराणचा मोहम्मदरेझा शादलू होता, २ कोटी ३५ लाखांना घेतलेला. पुढच्या लिलावात तो हरियाणाकडे गेला, आणि २९ डिसेंबर २०२४ ला अकराव्या हंगामाचा अंतिम सामना झाला तो पुण्यातच, बालेवाडीत! पाटण्याला हरवून करंडक उचलला शादलूच्या हरियाणाने. पलटण तेव्हा पहिल्या सहांतही नव्हती. अस्लम दुखापतीने बाहेर बसलेला, आणि तो नसला की तिसऱ्या चढाईला, गुण घ्या नाहीतर बाद व्हा अशा वेळी, बाकीची पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत होती. विजेत्या संघाची एका वर्षात अशी अवस्था व्हावी याचं मला फार वाईट वाटलं होतं.

शादलू आता २ कोटी २३ लाखांना गुजरातकडे आहे. पलटणीने त्याच्यामागे न धावता चढाईसाठी सचिन तन्वरला १ कोटी ५ लाख ८० हजार मोजले. मला हा निर्णय पटतो. सचिन अनुभवी आहे. अटीतटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत डोकं शांत ठेवणारा गडी तरुण संघात लागतोच, आणि अस्लमवरचा भारही त्याने हलका होईल. मोहित चढाईइतकाच पकडीतही कामाला येतो. आदित्य शिंदेकडे मात्र नीट लक्ष ठेवा. वयाने लहान, पायात विजेसारखी चपळाई, बोनस घेता घेता हात लावून परत येतो. या हंगामात तो मोठा होईल असं मला मनापासून वाटतं. डाव्या कोपऱ्यावर शादलूच्या तोडीचा गडी मात्र दिसत नाही. तिथे जो उभा राहील त्याला पहिल्या आठवड्यात दोन-तीन पकडी साधल्या तर त्याचा धीर वाढेल. नाहीतर समोरचे सगळे चढाईपटू त्याच बाजूला घुसतील.

नवे प्रशिक्षक अजय ठाकूर. २०१६ च्या विश्वचषकात सर्वाधिक ६८ गुण घेणारा, इराणविरुद्धच्या अंतिम सामन्यात मागे पडलेल्या भारताला वर काढणारा हिमाचलचा हा पद्मश्री माणूस. चढाईपटूंना त्याच्याकडून खूप मिळेल. पकडीची घडी तो कशी बसवतो, हे मात्र अजून दिसायचंय.

नियमही बदललेत. जिंकलात तर दोन गुण, हरलात तर शून्य. सात किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यावर जो एक गुण पदरात पडायचा तो गेला. बरोबरी झाली तर पाच-पाच चढायांवर निकाल. प्रत्येक संघाला १८ सामने, आणि बारापैकी पहिले आठ पुढे जाणार. पाच चढायांचा हा प्रकार पलटणीच्या पथ्यावर पडेल, कारण पाच वेगवेगळे चढाईपटू पाठवायचे तर इतकी भरलेली फळी फार थोड्यांकडे आहे.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. विशाखापट्टण, जयपूर, चेन्नई, दिल्ली, असा यंदाचा दौरा. पुणे नाही, मुंबई नाही. ज्या राज्यात गल्लीगल्लीत मंडळं आहेत, जिथे बुवा साळवींच्या वाढदिवशी, १५ जुलैला, कबड्डी दिन साजरा होतो, तिथे हंगामभर एकही साखळी सामना नाही, हे चूक आहे. घरच्या प्रेक्षकांसमोर खेळायला न मिळणं तरुण पोरांना जास्त जाचतं.

आणि इथल्या पोरांनाही. आमच्याकडची बरीच मुलं सकाळी दुचाकीवरून डिचोली, म्हापसा, तुयेच्या कंपन्यांत जातात आणि अंधार पडता पडता परततात. पावसात मैदान चिखलाचं, म्हणून देवळाच्या सभामंडपात दिव्याखाली पट काढायचा सराव चालतो. फरशीवर पडून कोपरं सोलवटतात. त्यांच्यापुढची वाट जिल्हा निवड चाचणीतून, मग राज्य अजिंक्यपदातून जाते, आणि तिथे कुणाची तरी नजर पडावी लागते. नजर ठेवणारा आणि निवडल्यावर दोन वर्षं थांबणारा संघ असला तरच त्या वाटेला अर्थ. शेजारच्या पोराला माझं उत्तर हेच आहे. यू मुम्बाने २०१५ ला करंडक जिंकला, तेव्हा मीही नाचलो होतो. पण अस्लमसारखा गावातला मुलगा पलटणीत नवखा म्हणून येतो, तिथेच वाढतो, कर्णधार होतो आणि हांगझोहून भारताचं आशियाई सुवर्णपदक घेऊन येतो, हे बघितल्यावर माझं मन तिकडे वळलं.

अस्लमचं शरीर साथ देत राहिलं तर पलटण पहिल्या चारांत असेल, आणि डावा कोपरा बसला तर अंतिम फेरीतही. नाही बसला तर बाद फेरीत कुणीतरी चिवट चढाईपटू घात करेल. शुक्रवारी मला एवढंच हवंय की पहिली चढाई अस्लमने करू नये. रमेश सरांनी बुल्सची साखळी त्याच्यासाठीच लावलेली असणार. आधी पंकजला जाऊ दे, बोनस घेऊन येऊ दे, मग आदित्य. अस्लमला पाचव्या-सहाव्या मिनिटानंतर सोडा.