वॉचवरच्या माणसाची झोप

रमजानचा महिना सुरू झाला की घरातले झोपेचे वेळापत्रक बदलते. तरावीहची नमाज आटोपून अंग टाकेपर्यंत बराच उशीर होतो आणि सहेरीसाठी पहाटेच उठावे लागते. फजरनंतर डोळा लागला तर लागला. दुपारी दुकानातला रोजेदार जरा सुस्त दिसला, हिशेबात एखादा आकडा चुकला, तर शेजारचे हिंदू गिऱ्हाईकही समजून घेते. तुटक झोपेने माणूस कसा होतो, हे या महिन्यात आपल्या शहरात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. म्हणूनच ज्यांची झोप महिनाभर नव्हे, तर सलग सहा-आठ महिने तुटकच असते, त्या जहाजावरच्या माणसांचा विषय आज घेतो आहे.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. कोकणपट्टीत 'मुलगा बोटीवर असतो' हे वाक्य मोहल्ल्यातही ऐकू येते आणि वाडीतही. ब्रिटिश अमदानीत पी अँड ओ कंपनीच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे मुसलमान खलाशी डेकवर मोठ्या संख्येने होते. सारंग आणि तांडेल हे शब्द आपण तेव्हापासून जपले आहेत. आज अडीच लाखांहून अधिक भारतीय देशोदेशींच्या जहाजांवर काम करतात. त्यांचे पगार, त्यांची घरे, त्यांच्या लग्नांतला थाट यांची चर्चा आपण करतो. ते झोपतात किती, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

भर समुद्रात, चारी बाजूंना पाणीच पाणी असताना, थकलेल्या अधिकाऱ्याची चूक सावरायला वेळ मिळतो. गर्दीच्या खाडीत तो मिळत नाही. इंग्लंड आणि फ्रान्समधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीतून रोज चारशेच्या वर जहाजे जातात आणि त्यांना आडव्या छेदत फेरीबोटी धावत असतात. मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून दिवसाला दोनशेहून अधिक जहाजे ये-जा करतात. तिथली फिलिप्स चॅनेलची वाट सर्वांत अरुंद जागी जेमतेम २.८ किलोमीटर आहे. पंधरा नॉट वेगाने चाललेले जहाज बारा मिनिटांत साडेपाच किलोमीटर पुढे जाते. म्हणजे ब्रिजवर उभ्या असलेल्या माणसाची बारा मिनिटांची डुलकी ही त्या चॅनेलच्या रुंदीच्या दुप्पट भरते.

आता हा माणूस त्या जागी थकलेला का पोहोचतो, ते पाहू. गर्दीची वाट बहुधा बंदराच्या जवळ असते आणि बंदर म्हणजे विश्रांती हा जमिनीवरच्या लोकांचा गैरसमज आहे. जहाज धक्क्याला लागले की माल उतरवणे-चढवणे, तपासनीस, कागदपत्रे, रसद, दुरुस्ती हे सगळे एकाच वेळी सुरू होते. चीफ ऑफिसर मालावर देखरेख करत रात्रभर जागा असतो. माल भरला की पायलट येतो, दोर सुटतात आणि तोच ऑफिसर वॉचवर उभा राहतो. वाट जेव्हा सर्वांत कठीण असते, नेमका तेव्हाच माणूस सर्वांत दमलेला असतो.

३ एप्रिल २०१० रोजी ऑस्ट्रेलियात हेच घडले. 'शेन नेंग १' हे कोळशाचे चिनी जहाज ग्लॅडस्टोन बंदरातून निघाले आणि काही तासांत ग्रेट बॅरिअर रीफच्या प्रवाळांवर चढले. वॉचवर चीफ ऑफिसर होता. दिशा बदलायची जागा आली आणि निघून गेली, त्याच्या लक्षातच आले नाही. चौकशीत निघाले की आधीच्या साडेअडतीस तासांत तो फक्त अडीच तास झोपला होता. वेळ संध्याकाळची होती, उजेड होता. अंधार नव्हता, वादळ नव्हते, यंत्र बिघडलेले नव्हते.

त्याच्या एकवीस वर्षे आधी, २४ मार्च १९८९ रोजी, अलास्कात 'एक्झॉन वाल्डेझ' हा टँकर खडकावर आपटला आणि हजारो टन कच्चे तेल समुद्रात गेले. त्या अपघाताचे नाव निघाले की लोकांना कप्तानाची दारू आठवते. ती चौकशीत होतीच. पण अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तेव्हा वॉचवर असलेल्या थर्ड मेटचा थकवा आणि त्याच्यावरचा कामाचा बोजाही कारणांत नोंदवला होता. विश्रांती घेतलेले आणि पुरेसे कर्मचारी न दिल्याचा ठपका कंपनीवर ठेवला होता. दारू लक्षात राहिली, झोप विसरली गेली. दारू पिणाऱ्याला दोष देणे सोपे असते. झोपू न देणाऱ्याला शोधायला मेहनत पडते.

कायदा नाही असे नाही. २००६ च्या सागरी कामगार करारानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. दिवसाची विश्रांती दोनपेक्षा जास्त तुकड्यांत विभागता येत नाही आणि त्यातला एक तुकडा किमान सहा तासांचा हवा. भारताने हा करार २०१५ मध्ये स्वीकारला. ऐकायला हे चांगले वाटते. पण वजाबाकी करून पाहा: आठवड्याचे तास १६८, त्यातून ७७ गेले की उरतात ९१. म्हणजे आठवड्याला ९१ तास काम करून घेणे नियमात बसते. आपल्याकडे कारखान्यातल्या कामगारासाठी हीच मर्यादा ४८ तासांची आहे.

लहान मालवाहू जहाजांवर तर वॉच घ्यायला दोनच माणसे असतात: कप्तान आणि एक ऑफिसर. सहा तास काम, सहा तास सुट्टी, पुन्हा सहा तास काम. त्या सहा तासांच्या सुट्टीतून जेवण, अंघोळ, वॉच सोपवणे आणि कागदपत्रे वजा केली की झोप चार-पाच तासांची राहते आणि तीही दिवसातून दोन तुकड्यांत. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने २००४ मध्ये आपल्याकडच्या अपघातांचा अभ्यास केला. जमिनीला लागलेल्या जहाजांपैकी तिसऱ्या हिश्श्यात रात्रीच्या वेळी ब्रिजवर एकटाच, थकलेला अधिकारी होता.

आणि नोंदवहीत काय लिहिलेले असते? बहुतेक वेळा सगळे ठीकच. स्वीडनमधल्या माल्मो येथील जागतिक सागरी विद्यापीठाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कामाच्या आणि विश्रांतीच्या तासांच्या नोंदी जुळवून लिहिल्या जातात, असे स्पष्ट म्हटले आहे. खरे तास लिहिले तर बंदरात जहाज अडकेल, कंपनी नाराज होईल, पुढचा करार मिळणार नाही, ही भीती त्यामागे असते. खोटी नोंद करणारा तरुण बेइमान नसतो, तो बहुधा घरचे कर्ज फेडत असतो. मात्र नोंद खोटी झाली की कायदाही आंधळा होतो.

मालक म्हणतात, आता यंत्रे आहेत. ब्रिजवर वॉच अलार्म असतो. तीन ते बारा मिनिटांच्या ठरवलेल्या वेळात कोणी बटण दाबले नाही, हालचाल झाली नाही, तर आधी दिवा लुकलुकतो आणि मग भोंगा वाजतो. हे यंत्र हवेच. पण ते झोपलेल्याला उठवते, थकलेल्याला ताजे करत नाही. अर्धवट डोळ्यांनी बटण दाबत राहणारा माणूस रडारवर दोन दिवे पाहतो आणि त्यांतला कोणता आपल्याकडे येतो आहे, हे त्याला उमगत नाही. उपाय महागडा असला तरी साधा आहे: गर्दीच्या मार्गांवर आणि वारंवार बंदरे घेणाऱ्या जहाजांवर दोनऐवजी तीन वॉच अधिकारी. जहाजावर किमान किती माणसे हवीत, हे ज्या देशाचा झेंडा त्यावर असतो तो देश ठरवतो. कमी माणसांना परवानगी देणारा झेंडा मालकाला परवडतो. त्यामुळे ही किमान संख्या सगळ्या देशांनी मिळून वाढवली, तरच ती टिकेल. दर्यावर्दी पुरवणाऱ्या मोठ्या देशांत गणना होणाऱ्या भारताने हा आग्रह धरला, तर त्याला वजन असेल.

चॅनेलमधल्या अपघाताची किंमत किनाऱ्यावरचे लोक कशी मोजतात, हे आपण पाहिले आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया-३' यांची टक्कर झाली. त्या टक्करीचे खापर थकव्यावर फोडण्याचा हेतू नाही. पण शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडले, मुंबई आणि न्हावाशेव्याची वाहतूक काही दिवस थांबली आणि कोळणीच्या टोपलीतली मासळी घ्यायला लोक बिचकू लागले. तेल किनाऱ्याला लागते तेव्हा ते कोणाच्या धर्माचा किनारा, हे विचारत नाही.

रमजानपुरते एक सांगतो. जहाजावरचे अनेक मुसलमान तरुण रोजे ठेवतात आणि इफ्तारीसाठी त्यांना वॉच बदलून देणारे हिंदू, ख्रिस्ती सहकारीही असतात. ही माणुसकी मोठी आहे. पण बदललेला वॉच दोघांचीही झोप मोडू शकतो, म्हणून तो कप्तानाला सांगून, विश्रांतीच्या तासांत बसवूनच घ्यावा. शरीयतने प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा दिली आहे. वीस-पंचवीस जणांचे प्राण ज्याच्या डोळ्यांवर सोपवलेले आहेत, त्याने गर्दीच्या सामुद्रधुनीत ही मुभा घेतली, तर त्याच्या इमानात काही उणे येत नाही. ते जहाज त्याच्याकडे अमानत आहे.

घरच्यांसाठीही काही काम आहे. करारावर सही करण्याआधी एजंटला पगाराबरोबरच विचारा: जहाजावर वॉच घेणारे अधिकारी किती, आणि सहा-सहा तासांची पाळी आहे का? मुलाला फोन करण्याआधी त्याचा वॉच कधी संपतो, ते विचारून ठेवा. त्याच्या सहा तासांच्या सुट्टीतला एक तास आपल्या गप्पांत गेला, तर तो त्याच्या झोपेतून जातो. आणि त्याने खरे तास लिहिले म्हणून त्याच्यावर नोकरीचे संकट आले, तर घरून त्याला 'लिहायला कशाला गेलास' असे ऐकावे लागू नये.