देखभाल घरात, देखरेख कुणाची?



उसाची मोळी गव्हाणीत पडण्याआधी तिच्यावर किती जणांची नजर असते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. लागणीची नोंद होते, शेतकी खात्याचा माणूस प्लॉट बघून जातो, तोडीचा क्रम लागतो, गाडी भरलेली एकदा आणि रिकामी एकदा काट्यावर चढते. काट्याचीच शंका आली तर वैधमापन खात्याला बोलावता येते. एवढे असूनही आपण काट्यावर भांडतो, आणि भांडलेच पाहिजे. घामाचा पैसा आहे. पण त्याच सभासदाच्या घरी सोप्यात पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले वडील असतात, त्यांना सांभाळायला शहरातल्या एखाद्या ब्युरोकडून महिन्याच्या बोलीवर माणूस आणलेले असते, आणि त्या माणसाच्या कामावर नजर कुणाची, असे विचारले तर घरातली मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

हा प्रश्न आता चार-दोन घरांचा राहिलेला नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठी ओलांडलेले लोक शेकडा ९.९ होते. त्यानंतर आयुष्य वाढले, आणि पोरे पुण्याला, चाकणला, मुंबईला गेली. सून घरी असेल तर सगळे तिच्या अंगावर, तिला शिकवलेले कुणी नाही आणि विचारणारेही कुणी नाही. सून नोकरीला असेल तर मग ब्युरोला फोन. बाई आली तर ती ‘मावशी’, पुरुष आला तर ‘मामा’ नाहीतर ‘ब्रदर’. अंगात पांढरा कोट असला की आपण तिला नर्स समजतो. इथेच पहिली गफलत होते. एएनएम किंवा जीएनएम झालेल्या परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते, नोंदणीचा क्रमांक मागता येतो. कोट कुणालाही शिवून मिळतो.

मावशी नर्स नसली म्हणून वाईट, असे आम्हाला म्हणायचे नाही. अंथरुणावरच्या माणसाला चोवीस तास नर्स लागतच नाही. लागते ते काम शिकलेले, लक्ष असलेले माणूस. पण हे काम म्हणजे नेमके काय, हे तरी घरच्यांना ठाऊक पाहिजे. ज्याला स्वतःला कूस बदलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावे लागते, रात्रीसुद्धा. माकडहाड, खुबे, टाचा ही दाब पडण्याची ठिकाणे. तिथली कातडी लाल झाली आणि बोटाने दाबूनही ती लाली जात नसेल तर जखम आतून सुरू झाली असे समजावे. पावडर मारून ती बरी होत नाही, तिथला दाब काढावा लागतो. भरवताना माणूस टेकून बसता केलेला हवा आणि जेवल्यावर अर्धा तास तरी तसाच ठेवायला हवा. आडवे पाडून पेज पाजली तर ती श्वासनळीत जाते आणि चार दिवसांनी न्यूमोनिया होतो. मग आपण म्हणतो, ‘थंडी बाधली’. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली टांगलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. साखरेची गोळी दिली आणि माणूस जेवलाच नाही, तर ती गोळी जिवावर बेतू शकते. यातले एकही काम अवघड नाही. सगळीच कामे मात्र रोज, वेळच्या वेळी करावी लागतात आणि ती झाली की नाही हे वहीत लिहावे लागते. वही नसेल तर दुपारच्या माणसाला सकाळच्या माणसाने काय केले हे कळणार कसे?

आपण घरची माणसे नजर ठेवतो ती वेगळ्याच गोष्टीवर. मावशी आली की कपाटाला कुलूप, माळ-पाटल्या बहिणीकडे, डबे मोजून. चोरीची भीती खोटी नाही, पण कपाटावर जेवढी नजर तेवढी बापाच्या टाचेवर नाही, हे खेदाने म्हणावे लागते. आमच्या माहितीतल्या एका घरी अंगावरचे पांघरूण पांढरेशुभ्र, खोलीत उदबत्ती, भेटायला येणारा प्रत्येकजण व्यवस्थेचे कौतुक करून जाई. वास यायला लागला तेव्हा पाठ उघडून बघितली. जखम हाडापर्यंत गेली होती. ब्युरोला फोन केला तर, “दुसरी पाठवतो,” एवढेच उत्तर आले. पाइपातला बोल्ट बदलावा तसे. त्या मावशीलाही आम्ही विचारले. तिला कूस बदलण्याचे कुणी दाखवलेच नव्हते. महिन्यात एकही सुट्टी नव्हती. दिवसभर राबून रात्रीही उठायचे तिच्या एकटीकडूनच धरले होते. दोन महिने न झोपलेल्या माणसाकडून कसली देखभाल होणार? घरकामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आपल्या राज्यात २००८ साली झाला, पण अशा किती बायकांचे नाव त्या मंडळाच्या नोंदीत असेल, याची आम्हाला शंकाच आहे.

आता कायद्याचे बघा. कारखान्याच्या फाटकावर राखणदार पुरवणाऱ्या खासगी एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तिच्या माणसांची पूर्वचौकशी आणि प्रशिक्षण बंधनकारक आहे. फाटकाबाहेर उभा राहणाऱ्या माणसासाठी एवढे सगळे, आणि आपल्या आईला न्हाऊ-माखू घालायला घराच्या आत येणाऱ्या माणसासाठी असा परवाना नाही! नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा राज्यात १९४९ पासून आहे. तो खाटा मांडलेल्या दवाखान्याला लागू, घरातल्या खाटेला नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा २००७ साली झाला. त्याखाली प्रांतांपुढच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, मुलाकडून महिना दहा हजारांपर्यंत पोटगीचा हुकूम होऊ शकतो. म्हणजे पैसे मिळतील, पण त्या पैशांतून आणलेले माणूस कसे वागते, हे बघायची तजवीज त्यात नाही. ही उणीव दिल्लीला दिसली नव्हती असे नाही. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत याच कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले गेले. घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी आणि त्यांच्यासाठी किमान दर्जा ठरवावा, असे त्यात स्पष्ट होते. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर विधेयक बारगळले. आपण वाट बघत बसायचे किती, हा प्रश्न आहे.

ब्युरो म्हणजे अखेर मुकादमच. त्याच्याशी बोली करायची, पैसे त्याला द्यायचे आणि टोळीत कोण आहे ते टोळी आल्यावर बघायचे, हा धंदा आपण ऊसतोडीत वर्षानुवर्षे भोगतो आहोत. उचल घेऊन पळालेल्या मुकादमाची गोष्ट गटागटात आहे. तरी उसाला दुसरी टोळी मिळते आणि आठ दिवस उशिराने का होईना, ऊस जातो. अंथरुणावरच्या माणसाचे आठ दिवस कुठून आणायचे?

केरळात या कामाची वेगळी वाट सापडली. कालिकतला १९९३ साली काही डॉक्टरांनी वेदनाशमनाचे केंद्र काढले. पुढे मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावच्या साध्या लोकांनी आठवड्याचे दोन तास काढून अंथरुणावरच्या रुग्णांकडे जायला सुरुवात केली. २००८ मध्ये राज्य सरकारने त्याचे धोरण केले, आणि ग्रामपंचायतीच्या पातळीवर शिकलेली नर्स गाडीतून घरोघर जाऊ लागली. ती काय करते? जखम बघते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते आणि नोंद ठेवते. सगळे तिथे सुरळीत असेल असे आम्ही म्हणत नाही. पण घरातल्या आजाऱ्याकडे बाहेरची जाणकार नजर ठरलेल्या वेळी जाते, ही गोष्ट मोठी आहे. इथे आपल्या आशाताई आहेत, आरोग्य उपकेंद्र आहे. पण त्यांच्या डोक्यावर आधीच इतके कागद आहेत की आणखी एक टाकायला आम्हाला संकोच वाटतो.

आमचे म्हणणे आहे की हे काम कारखान्याने अंगावर घ्यावे. ‘कारखान्याने साखर करावी, म्हाताऱ्यांची उठाबस कशाला?’ असे कुणी म्हणेल, म्हणोत बापडे. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेला कारखाना उभा केला, १९५०-५१ चा पहिला हंगाम झाला, तेव्हापासून कारखान्याभोवती शाळा आणि दवाखाने उभे राहत आले. १९८४ साली लोणीला आणि कराडला वैद्यकीय महाविद्यालये निघाली, ती साखर कारखानदारीतल्याच माणसांच्या पुढाकाराने. त्यामानाने आम्ही मागतो ते फारच थोडे आहे. ‘आधी एफआरपीची बाकी द्या,’ असेही सभेत कुणीतरी उठून म्हणेल, आणि ते बरोबरच आहे. बिल वेळेवर मिळालेच पाहिजे. पण एक निवृत्त नर्सताई, तिच्या फिरण्याचा खर्च आणि एक रजिस्टर, एवढ्याने बिल अडत नाही.

कारखान्याने स्वतः ब्युरो काढू नये, हे आम्ही आताच सांगून ठेवतो. माणसे पुरवणारा आणि त्यांची तपासणी करणारा एकच असला की काय होते, ते काट्यावर भांडणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. कारखान्याने फक्त नोंद आणि तपासणी ठेवावी. गटात कोण अंथरुणावर आहे, त्याच्याकडे सून आहे की मावशी, मावशी असेल तर कुठून आली, तिची ओळखपत्रे बघितली का, आठवड्याची सुट्टी ठरली का. ग्रामीण रुग्णालयाशी बोलून सुना आणि मावश्या दोघींसाठी चार दिवसांचे शिकवणे करता येईल. आणि नर्सताईने महिन्यातून एकदा, दिवस न सांगता, घरी जावे. अर्थात घरच्यांची आधीच संमती घेऊन. आपल्या घरात बाहेरचे माणूस पाहणीला आलेले सगळ्यांना रुचणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून दोन गोष्टींवर आमचा कटाक्ष आहे. पहिली, रजिस्टर नर्सताईच्या कुलपात राहील, संचालकसुद्धा ते चाळणार नाहीत. दुसरी, ताई गेल्यावर आधी आजाऱ्याशी बोलेल, दार लोटून, मुलगा आणि मावशी दोघेही बाहेर. “आबा, पोटभर मिळतं का? रात्री हाक मारली तर कुणी येतं का? कुणी हात उगारतं का?” एवढे विचारायला दहा मिनिटे पुरतात. ज्याची वाचा गेली आहे त्याच्या पाठीचे आणि टाचांचे बघावे, त्याच्या नखांचे बघावे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे हा विषय यावा म्हणून गटवार चिठ्ठ्या गोळा करत आहोत. ज्यांच्या घरी असे कुणी आहे त्यांनी गट कार्यालयातल्या पेटीत एक चिठ्ठी टाकावी. आजाऱ्याचे वय किती, अंथरुणावर किती महिने, सांभाळते कोण, आणि त्या सांभाळणाऱ्या माणसाला सलग रात्रभर झोप शेवटची कधी मिळाली, एवढेच लिहावे. नाव नाही घातले तरी चालेल, गाव मात्र घाला.