घरात समुद्र, नळाला बोअरचं पाणी: खाऱ्या टँकसाठी कोणतं आरओ घ्यावं?

परभणी-पूर्णा रेल्वेमार्गावरच्या पिंगळीपासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ४०० किलोमीटर लांब आहे. क्लाउनफिश, टँकचे दिवे, पाकिटातलं समुद्री मीठ हे सगळं आता कुरियरने मागवता येतं. मागवता येत नाही ते पाणी. १०० लिटरच्या टँकला साडेतीन ते चार किलो मीठ लागतं, बाकी सगळं गावातलंच पाणी. त्यामुळे खाऱ्या पाण्याचा टँक लावायचा असेल तर पहिली खरेदी माशांची नाही, पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची.

पाणी खारटच करायचंय, मग बोअरचं का नको?

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो आणि तो रास्त आहे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला ९०० मिलिग्रॅम असेल, तर समुद्राच्या पाण्यात ते ३५ हजारांच्या घरात असतं. त्यापुढे ९०० म्हणजे काहीच नाही. अडचण क्षार किती आहेत ही नसून कोणते आहेत ही आहे.

मराठवाड्याचं भूजल बेसाल्टच्या खडकातून येतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा असतो, खडकातली सिलिका असते आणि शेतीच्या पट्ट्यात खतं व सांडपाण्यातून झिरपलेलं नायट्रेट असतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या वार्षिक अहवालात नायट्रेट जास्त आढळलेल्या जिल्ह्यांत परभणीच्या शेजारचे नांदेड आणि बीड आहेत. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.

आता उन्हाळ्याचा हिशेब करू. १०० लिटरच्या उघड्या टँकमधून दिवसाला २ लिटर पाणी उडालं, तर महिन्याला ६० लिटर भर घालावी लागते. उडतं ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात. भर घातलेल्या पाण्यात नायट्रेट ६० मिलिग्रॅम असेल तर महिनाभरात ३,६०० मिलिग्रॅम टँकमध्ये साचतं, म्हणजे लिटरमागे ३६ची वाढ. माशांची विष्ठा आणि खाद्य यातून होणारं नायट्रेट वेगळंच. काचेवर शेवाळ चढतं, सिलिकामुळे तपकिरी थर येतो, आणि मालक रोज काच घासत बसतो.

घरातलं पिण्याचं आरओ चालेल का?

अर्धंच चालेल. पिण्याचं यंत्र माणसाच्या चवीसाठी बनवलेलं असतं. त्यातला टीडीएस कंट्रोलर थोडं कच्चं पाणी परत शुद्ध पाण्यात मिसळतो. मिनरल आणि अल्कलाईन कार्ट्रिज पुन्हा क्षार घालतात. सगळ्यात घातक ते ‘कॉपर’ कार्ट्रिज. जाहिरातीत तांबं आरोग्यदायी असलं, तरी कोळंबी, गोगलगाय यांसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांना त्याचं अगदी थोडं प्रमाणही मारक ठरतं. यूव्हीचा दिवा मात्र निरुपद्रवी. त्याचा टँकला त्रास नाही, उपयोगही फारसा नाही.

टँकसाठीच्या यंत्राला ‘आरओ-डीआय’ म्हणतात. त्यात आधी गाळ अडवणारा फिल्टर असतो, मग कार्बन, मग आरओचा पडदा आणि शेवटी डीआय रेझिनची नळी. प्रत्येकाचं काम वेगळं. ग्रामपंचायतीने टाकीत टीसीएल पावडर टाकली असेल तर त्यातला क्लोरिन कार्बन शोषतो. तो तसाच पुढे गेला तर पडदा खराब होतो. पडदा साधारण ९५ टक्के क्षार अडवतो, म्हणजे ९००चे ४५ होतात. नायट्रेट मात्र तो इतर क्षारांइतकं नीट अडवत नाही. उरलेलं रेझिन उचलतं आणि टीडीएस शून्यावर येतो.

इथे एक खोच आहे. रेझिन संपत आलं की आधी सिलिका निसटते, आणि साधा टीडीएस मीटर ती दाखवत नाही. काचेवर तपकिरी थर परत दिसू लागला तर मीटरवरचं शून्य पाहून गाफील राहू नये. रंग बदलणारं रेझिन घेतलं तर अंदाज येतो.

घरी जुनं आरओ पडून असेल तर नवं यंत्र घेण्याआधी त्याचाच विचार करावा. पडद्यातून बाहेर येणारी नळी थेट डीआयच्या नळीला जोडायची, त्यापुढची सगळी कार्ट्रिज वगळायची. आरओ दुरुस्त करणारा माणूस हे सहज करून देतो.

पाण्याचा दाब आणि जडपणा

बाहेरून आयात केलेली अनेक यंत्रं पंपाशिवाय येतात, कारण तिकडे नळालाच जोर असतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी चार मीटरवरून खाली येत असेल तर दाब जेमतेम ६ पीएसआय मिळतो. पडद्याला ५०-६० तरी हवा. बूस्टर पंप नसेल तर थेंबथेंब पाणी येतं आणि बरंचसं वाया जातं. पाणी फार जड असेल तर पडद्यावर चुन्याचा थर बसून तो वेळेआधीच बाद होतो. अशा वेळी आधी सॉफ्टनर लावावा लागतो.

जडपणा आणि नायट्रेट किती हे यंत्र विकणाऱ्याला विचारू नये. जलजीवन मिशनमधून ग्रामपंचायतींना तपासणी किट दिली आहेत, शिवाय भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत. विक्रेता फक्त टीडीएस मीटर बुडवून दाखवतो. त्यावरून काय विरघळलंय ते कळत नाही.

वाया जाणाऱ्या पाण्याचं काय?

मराठवाड्यात खरा प्रश्न हाच आहे. भर घालायला ६० लिटर आणि दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायला ४० लिटर, असे महिन्याला १०० लिटर शुद्ध पाणी लागतं. एकास तीन या प्रमाणात ३०० लिटर बाहेर सोडावं लागतं. एकूण ४०० लिटर. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे, म्हणजे एका माणसाचं आठवड्याभराचं पाणी. मे २०१९मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने आरओतून किमान ६० टक्के शुद्ध पाणी मिळालं पाहिजे असं म्हटलं होतं. एकास तीनमध्ये मिळतं २५ टक्के.

बाहेर पडलेलं पाणी फरशी, धुणं, संडास यासाठी चालतं. ९००चं पाणी बाहेर पडताना १,२००च्या आसपास झालेलं असतं. ते कायम झाडांना घालू नये, काळ्या जमिनीत क्षार साचतात.

दुसरी वाट जारची. गावातल्या प्लँटचं आरओ पाणी २० लिटरच्या जारमधून घ्यायचं आणि घरी फक्त डीआयच्या नळीतून सोडायचं. महिन्याला पाच जार पुरतात. पाणी तिथेही वाया जातंच, फक्त ते प्लँटवर जातं. पण घरात पडदा नको, पंप नको, विजेची वाट पाहायला नको. छोट्या टँकला हेच परवडतं. जारचा टीडीएस मात्र दर वेळी मोजावा, कारण प्लँटवाला चवीसाठी तो कमी-जास्त करतो. २०० लिटरच्या वरचा टँक असेल, तरच पंपासह पूर्ण यंत्राचा खर्च पटतो.

बोअर आटून टँकर सुरू झाला की पाण्याचा स्रोत बदलतो आणि आधीचा तपासणी अहवाल निरुपयोगी होतो. गाळाचा फिल्टर लवकर तुंबतो, क्लोरिन वाढलेला असू शकतो. म्हणून भर घालण्यासाठी ४०-५० लिटर तयार पाणी झाकणाच्या ड्रममध्ये एप्रिलमध्येच भरून ठेवलेलं बरं.