गरम आम्लेट कुणाच्या वाट्याला?



आमच्या घरी गेल्या पावसाळ्यात एक वाद उभा राहिला. वाद साधाच होता. आम्लेट-पाव बाहेरचा चांगला की घरचा? आम्ही बाहेरच्या बाजूने. नालासोपाऱ्याला पूर्वेकडे उतरले की संध्याकाळी अंड्याच्या गाड्या लागतात. त्यातल्या एका गाडीवर आम्ही कित्येक वर्षे कामावरून येता येता थांबत आलो आहोत. आमच्या आयुष्मतींचे म्हणणे, "एवढ्या पैशात घरी चौघांचं होतं." हिशेब त्यांचा बरोबर आहे. दोन अंड्यांचे पंधरा-सोळा रुपये होतात. गाडीवर त्याचेच पावासकट पन्नास मोजावे लागतात, आणि पंखा-टेबल असलेल्या हॉटेलात शंभराच्या पुढे. पण आमचे म्हणणे पैशाचे नव्हतेच, चवीचे होते. घरचे आम्लेट आम्हाला चिवट लागे, आणि तसे आम्ही तोंडावर बोलूनही दाखवत होतो. किती सुखाने बोलत होतो, ते पुढे येईलच.

गाडीवाल्याचे काम आम्ही पुष्कळदा निरखून पाहिले आहे. स्टीलच्या ग्लासात दोन अंडी फुटतात, बारीक चिरलेला कांदा, मिरची, कोथिंबीर पडते, चिमूटभर हळद आणि मीठ. मग चमच्याचा तो खडखडाट, जो गाड्यांच्या भोंग्यातही ऐकू येतो. तवा जाड, तेल पिऊन पिऊन काळा झालेला. मिश्रण पडले की चर्र होते. वरची बाजू ओली असतानाच पाव उघडून त्यावर दाबतो, सगळेच उलथतो, घडी घालतो आणि कागदावर देतो. तव्यावरून तोंडात यायला अर्धा मिनिट. (हा पाव मूळचा पोर्तुगिजांचा. वसईत ते १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. ते गेले, पण त्यांचा पाव राहिला आणि शब्दही राहिला.)

त्या अर्ध्या मिनिटातच सगळी गोम आहे. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सियसला धरायला लागतो, पिवळा त्याच्या थोडा पुढे, ७० च्या आसपास. म्हणजे पाणी उकळण्याच्या कितीतरी आधी अंडे शिजलेले असते. त्यापुढे आच दिली की ते आवळत जाते आणि आतले पाणी पिळून बाहेर टाकते. चिवटपणा येतो तो इथून. तव्यावरून उतरवले तरी आतल्या उष्णतेने थोडा वेळ शिजणे चालूच राहते. मग ते निवते, बशीत पाणी सुटते, कांदा लिबलिबीत होतो. पिठले-भाकरी वाट पाहते, कालची आमटी तर आज जास्त चांगली लागते. आम्लेट मात्र पाच-सात मिनिटेच आपले असते.

गोव्यातल्या गाडीवाल्यांनी यावर चांगली तोड काढली आहे. तिकडे आम्लेटवर शागुतीचा कढत रस ओततात, वर कच्चा कांदा आणि लिंबू. त्याला रस-आम्लेट म्हणतात. रसाखाली ते गरमही राहते आणि ओलेही. स्पेनमध्ये बटाटा घालून आम्लेट इतके जाड करतात की लोक ते गारच कापून खातात. आपल्या उडपी शाकाहारी हॉटेलांनी तर अंड्यालाच रजा दिली. तिथे टोमॅटो आम्लेट मागा, बेसनाचे येते. चवीला वाईट नसते, पण नाव कशाला घ्यावे?

असो. वादाचा निकाल लावायचा तर सगळ्यांनी बाहेर खाऊन पाहायला हवे होते. आणि इथे आम्हाला पहिला धक्का बसला. आमच्या आवडत्या गाडीजवळ दारूचे दुकान आहे. संध्याकाळी गाडीभोवती पुरुषांचे कोंडाळे असते, अर्धे झिंगलेले. आमच्या आयुष्मती वालीवला एका गाळ्यात पॅकिंगचे काम करतात आणि त्याच वेळी शेअर रिक्षाने स्टेशनला उतरतात. त्या तिथे उभ्या राहून खातील हे शक्यच नव्हते. त्यांनी त्या गाडीवरचे जे काही आजवर खाल्ले ते आम्ही चांदीच्या कागदात बांधून आणलेले. घरी येईपर्यंत पाव घामाने भिजलेला आणि आत ते रबर. आणि त्याच चवीची तारीफ आम्ही त्यांना ऐकवत होतो!

तेव्हा हॉटेल ठरले. आमची आई गावाहून आली होती. रविवारी सकाळी तिला घेऊन सोपाऱ्याचा स्तूप पाहायला गेलो, १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी खणून उजेडात आणलेला. परतताना रस्त्यावरच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात शिरलो. आई, आम्ही दोघे आणि थोरली पोरगी. चार आम्लेट-पाव सांगितले. गर्दी होती. भटारखाना पार मागे. बशा तयार होऊन खिडकीत पडून राहिलेल्या आम्हाला दिसत होत्या, वेटर दुसऱ्या टेबलाचे पैसे घेत होता. टेबलावर आले तेव्हा वरून करपलेले, मध्ये कच्चे आणि सगळेच गार.

आम्ही गप्प. आई खायलाही लागली होती. पोरगी म्हणाली, "काका, हे आतून कच्चं आहे आणि गार झालंय. चारही परत न्या, गरम करून आणा."

आईने तिचा हात धरला. "आल्यालं अन्न माघारी न्हाई लावायचं, बाय. मिळालंय न्हवं बसाया?"

ते "बसाया" आमच्या काळजात गेले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी स्टँडवर जे हॉटेल होते, तिथे आई लहान असताना आपल्या लोकांसाठी वेगळे कप वळचणीला खोचलेले असत. प्यायचे बाहेर, धुवायचे आपण, पुन्हा खोचायचे आपण. भजी वरून हातात टाकायचे. घटना तर २६ जानेवारी १९५० लाच लागू झाली होती. तिच्या १५ व्या कलमात बाबासाहेबांनी उपाहारगृहे आणि हॉटेले स्पष्ट शब्दांत घातली आहेत. कुणालाही जातीवरून तिथे मज्जाव करता येत नाही. १९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आला, १९७६ च्या दुरुस्तीने त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. पण ते कप वळचणीतून निघायला त्यापुढेही वर्षे गेली. अशा बाईला टेबलावर बशी मिळाली हेच पुष्कळ होते. बशीत काय आहे, हे विचारायचे तिच्या डोक्यात येणार कुठून? आणि खरे सांगायचे तर आमच्याही आले नव्हते. शंभरावर रुपये मोजून आम्ही कच्चे खायला निघालो होतो.

पोरीच्या डोक्यात यातले काही नव्हते. तिने पैसे दिले होते (तिच्याच पगारातले) आणि तिला गरम हवे होते, बस. वेटर काही न बोलता बशा घेऊन गेला. या वेळी तो खिडकीपाशी थांबून राहिला आणि दोन दोन करून थेट घेऊन आला. चांगले होते हो! मऊ, कडा किंचित लालसर, मिरची नेमकी. आईने पाव मोडून घास घेतला, थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "आत्ता कसं!" वेटरला तिने जाताना हाक मारून सांगितले, "चांगलं झालतं, बाबा." तोही बिचारा हसला. रविवारच्या गर्दीत सगळी टेबले त्याच्या एकट्याच्या अंगावर होती, चूक काही त्या पोराची नव्हती.

घरी येताना आम्ही विजयी मुद्रेने म्हणालो, "पाहिलंत? बाहेरचं ते बाहेरचं."

आयुष्मती रिक्षात शांतपणे म्हणाल्या, "अहो, बाहेरचं म्हणून नाही. मी आज पहिल्यांदा गरम खाल्लं. घरी सगळ्यांची करता करता माझं पहिलं होतं का कधी? शेवटचं करते, तेव्हा तुमचा चहा मागायची वेळ झालेली असते. गॅस बंद करून चहा टाकते, मग खाते. तुम्हाला चिवट लागतं ते तुम्ही पेपर वाचत बसता म्हणून. हाक मारली की उठता का?"

आई आमच्याकडे पाहत होती. तिने सुनेची बाजू घेतली हे सांगायला नकोच.

तेव्हापासून रविवारचे आम्लेट आम्ही करतो. पहिले दोन रविवार घरादाराने सोसले. चपातीच्या तव्यावर केले ते चिकटून चुरा झाले. त्या तव्यावर जळके पीठ बसलेले असते आणि त्याला तेलाची सवय नसते. म्हणून एक बिडाचा तवा वेगळा ठेवला. आधी आठवडाभर त्याला तेल लावून, तापवून, पुसून ठेवीत गेलो. आता तो गाडीवरच्यासारखा काळा होत चालला आहे. त्याला साबण लावू देत नाही, यावरून घरात निराळा वाद आहे.

कांदा आम्ही जाड चिरत होतो, तीही चूक. जाड कांदा आत कच्चा राहतो आणि त्याच्याभोवती आम्लेट फाटते. बारीक चिरावा, आणि मीठ अगदी तव्यावर घालायच्या वेळी टाकावे, नाहीतर कांद्याला आधीच पाणी सुटते. टोमॅटो हवाच असेल तर बिया काढून. अंडी एकेक करून वाटीत फोडावीत, म्हणजे एखादे खराब निघाले तर सगळे जात नाही. शंका असेल तर आधी पाण्यात सोडून पाहावे. ताजे अंडे तळाशी आडवे बसते, शिळे उभे राहते, फारच जुने तरंगते. कवचातून हवा आत जात असते म्हणून. तडा गेलेले अंडे दुकानदार स्वस्तात देतो, ते घेऊ नये. दूध घालावे असे पुष्कळ सांगतात. आम्ही दोन अंड्यांना एक चमचा पाणी घालतो. त्याची वाफ होऊन आम्लेट हलके फुलते आणि दूध चहाला उरते.

तवा आधी चांगला तापवायचा, मग तेल. मिश्रणाचा थेंब टाकून तो लगेच फुलला तरच बाकीचे ओतायचे. कडेचे शिजलेले तीन-चारदा मध्ये ओढायचे, ओले कडेला जाऊ द्यायचे, आणि आच मंद करून वर झाकण. उलटायच्या भानगडीत आम्ही पडत नाही, गाडीवाल्याचा हात आम्हाला नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटात वरचे धरते. तोवर पाव तव्याच्या कडेला शेकतो. घडी घालून सरळ ताटात.

आणि क्रम बदलला आहे. पहिले आईचे असते, ती आता इथेच राहिली आहे. दुसरे आयुष्मतींचे. तिसरे पोरीचे, आणि ती झोपेतून उठलेली नसेल तर आम्ही हाका मारून घसा कोरडा करतो. हाक मारली की माणूस लगेच का येत नाही, याचा संताप काय असतो, ते आम्हाला आता कळले आहे. शेवटचे आमचे. ते चिवटच होते. तवा तोवर फार तापलेला असतो.

परवाच्या रविवारी आयुष्मतींनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे. मिरची पण." आम्ही मिठाची बरणी पुढे केली. त्या म्हणाल्या, "राहू द्या, उठेपर्यंत गार होईल," आणि खात राहिल्या.