धूर फक्त दिल्लीचा नसतो

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की दिल्लीच्या धुराच्या रील्स आपल्या फोनवर फिरायला लागतात. पंजाब-हरियाणातले शेतकरी भाताचं काड जाळतात म्हणून आपण तावातावाने कमेंटही टाकतो. पण त्याच सुमारास आपल्याकडे गळीत हंगाम सुरू होतो. संध्याकाळी कोल्हापूर-सांगलीकडे एसटीने जाताना खिडकीतून पेटलेली उसाची रानं दिसतात. त्यावर मात्र आपण फारसं बोलत नाही.

ऊस तुटला की एकरी साधारण 3 ते 4 टन पाचट रानात पडतं. त्यात अर्धा टक्का नत्र धरलं, तरी ते 15 ते 20 किलो भरतं. म्हणजे जवळपास एका पोत्या युरियातलं नत्र! काडी लावली की त्यातलं बहुतेक नत्र आणि सेंद्रिय कर्ब हवेत जातो. मग तेच नत्र आपण दुकानातून विकत आणतो.

हेच पाचट ठेवलं तर खोडव्यात जमिनीचा ओलावा टिकतो, तण दबतं. करायचं काय, हेही माहीत आहे. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचटाची कुट्टी करून सरीत पसरायची, वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचं.

मग शेतकरी जाळतो का? हौस म्हणून नक्कीच नाही. पाचटामुळे सरीतून पाणी पुढे सरकत नाही, उंदरांची भीती असते, मजूर मिळत नाहीत आणि कुट्टीचं यंत्र वेळेवर येत नाही. अशा माणसाला नुसतं ‘पाचट जाळू नका’ सांगून काय होणार?

कुणाच्या रानात तोड कधी, याचं वेळापत्रक कारखान्याकडे असतंच. त्यालाच जोडून परवडणाऱ्या भाड्यात कुट्टी यंत्र दिलं, तर तोडीच्या मागोमाग ते रानात पोहोचेल. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी सहकारी कारखान्याचा शेअर आहे. वार्षिक सभेत उसाच्या दरावरून दणक्यात आवाज उठतो, तो उठायलाच हवा. यंदा सभेला जाणाऱ्या बाबांना किंवा काकांना एवढंच सांगूया, की दराबरोबर यंत्राचंही विचारा.